खोके उभे करायचं मशीन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळ तुमचा काजू, आमसूल आणि कोकम आगळ ऑनलाइन विकायचा धंदा आहे, दिवसाला साठ-सत्तर पार्सलं जातात, आणि मोठ्या गोदामात खोके आपोआप उभे राहतानाचा व्हिडिओ बघून तुम्हाला वाटलं, असं एखादं छोटं मशीन आपणही घ्यावं. (खोके म्हणजे पुठ्ठ्याचेच. हल्ली हा शब्द उच्चारला की लोक गालातल्या गालात हसतात, म्हणून सांगून ठेवतो.)

घेऊ नका. मी सात वर्षं भिवंडीच्या एका गोदामात मेंटेनन्सला होतो आणि त्यातली निम्मी वर्षं खोके उभे करणाऱ्या मशीनपुढे पाना घेऊन बसण्यात गेली. आता कणकवलीला घरी असतो, सीझनला घरच्या आंब्याचं पॅकिंग करतो. म्हणजे दोन्ही बाजू बघून झाल्या आहेत.

मशीन करतं ते काम तसं साधं आहे. सपाट खोक्यांची चळत एका खाचेत उभी लावायची. रबरी सक्शन कप त्यातला एक खोका ओढून घेतात, तो उघडून चौकोनी होतो, तळाचे दोन छोटे फ्लॅप आत जातात, त्यावर दोन मोठे, आणि खालून टेपची पट्टी. साधं मशीन मिनिटाला दहा-बारा खोके काढतं, भारीतलं वीस-तीस. साबण, बिस्किटं, औषधं अशा कारखान्यांत हे जुनंच आहे, कारण तिथे एकाच मापाचे हजारो खोके लागतात. ई-कॉमर्सची गोष्ट वेगळी. एका ऑर्डरमध्ये चार्जरची वायर, पुढच्या ऑर्डरमध्ये कुकर. आमच्याकडे खोक्यांची तेरा मापं होती. माप बदललं की मशीन थांबवा, गाइड सरकवा, दोन-चार खोके फुकट घालवून सेटिंग बघा. शेवटी सगळ्यात जास्त खपणारी तीन मापं मशीनवर आणि बाकी दहा हातावर, असंच चाललं.

तुम्ही व्हिडिओत बघितलं ते बहुतेक याच्या पुढचं मशीन असावं. त्यात तयार खोके नसतातच. घडीघडीचा लांबच लांब पुठ्ठा आत जातो, सेन्सर वस्तू मोजतात आणि त्या मापाचा खोका तिथल्या तिथे कापून वस्तूभोवती गुंडाळला जातो. अमेझॉनने इटलीतल्या सीएमसी कंपनीची अशी मशीनं बसवायला घेतल्याची बातमी २०१९ साली रॉयटर्सने दिली होती. तासाला ६०० ते ७०० पार्सलं, म्हणजे एका माणसाच्या चार-पाच पट, आणि एका मशीनची किंमत १० लाख डॉलरच्या आसपास. मला त्या बातमीतला वेगळाच तपशील लक्षात राहिला आहे. एवढं करूनही मशीनजवळ एक माणूस वस्तू ठेवायला, एक पुठ्ठा आणि गोंद भरायला, आणि अडकलं की सोडवायला एक टेक्निशियन. तो तिसरा माणूस म्हणजे मी.

आता अडकतं का, ते ऐका, कारण तुमच्या गावाचा संबंध इथे येतो. पुठ्ठा म्हणजे शेवटी कागद. तीन प्लायचा असेल तर दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी. हवेतलं पाणी तो सतत पीत असतो. प्रयोगशाळेत त्याची ताकद मोजतात ती २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत. आपल्याकडे जुलैत ९० टक्के ही रोजची गोष्ट, आणि तेवढ्या दमट हवेत तोच खोका आपल्यावरच्या चळतीचं वजन जेमतेम निम्मंच पेलतो. त्यात एका बाजूचा कागद दुसऱ्यापेक्षा जास्त पाणी प्यायला की अख्खा खोका वाळत घातलेल्या पापडासारखा कडेने वळतो. माणसाचा हात तो वळलेला खोका सहज धरतो. सक्शन कपला मात्र सपाट जागा लागते. जरा फट राहिली की हवा शिरते, लाल दिवा लागतो आणि लाइन उभी.

एका जुलैत आमच्याकडे हे रोजचंच झालं. दिवसातून पंधरा-वीस वेळा मशीन बंद. कप बदलले, पंप उघडून बघितला, सगळं ठीक. दोष खोक्यांत होता: शटरजवळ ठेवलेली खोक्यांची पॅलेट (माल रचायची लाकडी फळी), पावसाची झड थेट तिच्यावर. शिवाय त्या लॉटच्या घड्या नीट दाबलेल्या नव्हत्या, त्यामुळे उघडलेला खोका परत मिटायला बघायचा. मग सुपरवायझरने तोडगा काढला. एक पोरगा बसवला. त्याचं काम एकच, प्रत्येक खोका हाताने एकदा उघडून घड्या मोडायच्या, परत सपाट करायचा आणि मशीनमध्ये भरायचा. हात वाचवायला आणलेल्या मशीनच्या दिमतीला दोन हात! त्या पोराने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "सर, उघडलाच आहे तर टेप पण मीच मारू का?" मला हसावं की रडावं कळेना.

त्याच लाइनला संगमेश्वरकडच्या एक ताई होत्या. सपाट खोका टेबलाच्या कडेवर हलकासा आपटायच्या, तो आपोआप फुलायचा. डाव्या कोपराने धरून उजव्या तळहाताच्या कडेने छोटे फ्लॅप एका फटक्यात पाडायच्या, गुडघा न वाकवता खोका उलटा, आणि टेपगनचा खर्रकन आवाज. मी मोबाइलवर वेळ लावली होती: अकरा सेकंद. आणि मधेच एखादा खोका त्या न उघडताच बाजूला टाकायच्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "नरम लागला." बोटांना कळायचं. मशीनला ते अडकल्यावरच कळतं.

तुमचा हिशोब करा. सत्तर खोके, अकरा सेकंदांनी ७७० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटं. तुमचा हात ताईंसारखा नसेल, वीस सेकंद धरा, तरी चोवीस मिनिटांच्या आत. एवढ्यासाठी काही लाखांचं मशीन, कॉम्प्रेसर, त्याची जागा आणि लाइट गेली की हात बांधून बसणं? दिवसाला एकाच मापाचे पाचशे-सातशे खोके लागायला लागले तर परत विचारा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

तरी ते काम कमी करायचं असेल तर खोकाच बदला. तुम्ही बहुतेक साधा युनिव्हर्सल खोका वापरत असाल, तळाला टेप लागतो तो. त्याऐवजी बॉक्सवाल्याकडे ऑटो लॉक बॉटम मागा, काही जण त्याला क्रॅश लॉक म्हणतात. त्याचा तळ कारखान्यातच घडी घालून चिकटवलेला असतो. दोन कोपरे दाबले की तळ खटकन बसतो, टेप नाही, तीन-चार सेकंदांत खोका तयार. म्हणजे मशीन आहेच, फक्त ते बॉक्सवाल्याच्या शेडमध्ये आहे आणि तुम्ही खोक्यामागे थोडे जास्त पैसे देऊन ते भाड्याने घेताय. डाय, म्हणजे खोका कापायचा साचा, बनवायचा खर्च एकदाच येईल. आगळाच्या बाटल्यांसाठी मात्र तळाला टेपची एक पट्टी माराच, तिथे कंजुषी नको. काजूच्या अर्धा किलोच्या पाकिटाला पिझ्झा टाइपचा पंचिंग, म्हणजे साच्याने कापलेला, खोका छान, तो उभा करायला टेप लागतच नाही.

वेळेपेक्षा पैसे कुठे जातात ते मापात. बहुतेक कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, येईल ते किलो धरतात आणि ते किंवा खरं वजन, जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात किलोभर काजू पाठवलेत तर तुम्ही ३ किलोचे पैसे भरताय. तेच काजू २० बाय १५ बाय १२ मध्ये बसले तर मापाचा आकडा पाऊण किलोच्याही खाली येतो आणि खऱ्या वजनाचेच पैसे लागतात. मागच्या महिन्याभराच्या ऑर्डरी काढा, तीन मापं ठरवा, चौथं ठेवू नका. समोर सहा मापं असली की माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि ते नेहमी मोठंच असतं.

पावसाळ्यासाठी एवढं करा: सगळे खोके मे महिन्यात भरून ठेवायचा मोह टाळा, महिन्याला लागतील तेवढेच घ्या. चळत आडवी, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, वरून प्लास्टिक. उभे ठेवलेत की वाकलेच. पोटमाळा कोरडा असेल तर उत्तम. आणि टेप मारण्याआधी खोक्यावरची पुठ्ठ्याची धूळ फडक्याने पुसा, नाहीतर दमट हवेत टेप उचकटतो आणि दोष कुरियरवाल्याला जातो.

मशीनच्या पैशांतून दोन चांगल्या टेपगन घ्या आणि टेबल कमरेच्या उंचीचं करा. गोदामात पाठदुखीची रजा पडायची ती टेबल ठेंगणं असल्यामुळे. आमच्या घरी आई पडवीत पॅकिंगला बसायची, जमिनीवर, आणि संध्याकाळी कंबर धरून उठायची. मीही तिला मशीनचे व्हिडिओ दाखवले होते. ती म्हणाली, "ह्या कित्याक आणि?" मग जुनं टेबल पडवीत काढलं आणि चारही पायांखाली एकेक चिरा सरकवला. खर्च शून्य. सीझनला ती आता उभ्याने शंभरेक खोके करते आणि वर मला ओरडते की तू लेबलं वेळेवर छापत नाहीस.