गाडीतला कंपनीचा स्टिरिओ बदलायचाय. सुरुवात स्क्रीनपासून करू की स्पीकरपासून?

दोन्हींपासून नको, दारापासून करा. दुकानदाराला हे उत्तर आवडणार नाही, कारण दारात केलेलं काम पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, लावल्यावर दिसत नाही आणि न दिसणारं काम विकणं अवघड असतं.

तुम्ही लिहिलंय की व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की बेस फाटतो, गाणाऱ्याचा आवाज गुडघ्यापाशी येतो, आणि दुकानात मोठी अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर व डिकीत सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) असं सगळं एकदम बसवायला सांगतायत. शिवाय स्टीअरिंगवरची बटणं आणि वॉरंटी यांची धास्ती आहे. सगळ्याला उत्तर देतो, फक्त क्रम माझा ठेवतो.

स्क्रीन बदलल्याने आवाज का सुधारत नाही, ते आधी. डॅशबोर्डमधल्या युनिटला बॅटरीकडून १२ व्होल्ट मिळतात, इंजिन चालू असताना साधारण १४. एवढ्यावर चालणारी आतली ॲम्पची (सिग्नल ताकदवान करून स्पीकरला देणाऱ्या ॲम्प्लिफायरची) चिप ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात २० वॅटच्या आसपासच देऊ शकते. हे गणित कुठल्याही ब्रँडला चुकत नाही. बाहेरून घेतलेल्या युनिटच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेलं असतं, ते पूर्ण फाटलेल्या आवाजाचं माप आहे. बहुतेक युनिटमध्ये त्याच जातीची चिप असते. म्हणजे स्क्रीन मोठी येईल, नकाशा छान दिसेल, आणि बेस तिथेच फाटेल.

आता दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या उलट असतात. त्या एकत्र आल्या तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला काच आणि लॉकच्या कामासाठी हात जाईल एवढी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद डकवलेला असतो. मागची लहर तिथून बिनदिक्कत बाहेर येते. वर बाहेरचा पत्रा स्वतःच थरथरतो. अशा दारात कितीही भारी स्पीकर घाला, बेस भरत नाही. उलट कंपनीचाच स्पीकर नीट बंद केलेल्या दारात ऐकलात तर ‘नवीन घेतलेस का?’ असं लोक विचारतात.

काम कठीण नाही, किचकट आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून थोडा वेळ जाऊ द्या. हँडलच्या आणि आर्मरेस्टच्या टोपणांमागचे स्क्रू काढले की पॅड फक्त क्लिपांवर उभं राहतं. प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचका, स्क्रू ड्रायव्हरने नाही. एकदोन क्लिपा तुटतातच, म्हणून जास्तीच्या आधीच आणून ठेवा. पॅड हातात आलं की ओढू नका, मागे पॉवर विंडोचा कप्लर (तारांचा प्लग) आणि लॉकची केबल लटकत असते.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि वर ॲल्युमिनियम असलेली ब्यूटाइल (चिकट रबराची) शीट रोलरने दाबून बसवा. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात मऊ होते, वास मारते आणि शेवटी सुटून खाली घसरते. बाहेरचा पत्रा सगळा झाकायची गरज नाही, मधला मोठा सपाट भाग झाकला तरी थरथर थांबते. आतल्या पत्र्याची भोकं मात्र पूर्ण बंद व्हायला हवीत, कारण तिथे थोडी फटही नडते. काम साधलंय का हे बोटाच्या पेराने कळतं: शीट लावण्याआधी बाहेरून टकटक केली की ‘टण्ण’ वाजतं, नंतर ‘ठप’. लॉकच्या दांड्यांना आणि सुट्या वायरींना फेल्टची टेप गुंडाळा, नाहीतर नवा बेस त्यांनाच वाजवेल.

दोन गोष्टी कारागिराला मुद्दाम बजावून सांगा. दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. बुजली की पावसाचं पाणी आत साठतं आणि दार आतून गंजतं. दुसरं, काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याला हात लावायचा नाही, झाकायचं तर मुळीच नाही.

मग स्पीकर, आणि तेही फक्त पुढचे. मागच्या स्पीकरवर पैसे घालवू नका. गाडी चालवताना तुमच्या पाठीमागून येणारा आवाज गाण्याला सुधारत नाही, विस्कटतो. चारऐवजी दोन घ्या, पण चांगले घ्या. कंपोनंट सेट घेतलात तर वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) दारात जातो आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) वेगळा, पुढच्या काचेलगतच्या खांबावर किंवा डॅशच्या कोपऱ्यात. गाणाऱ्याला गुडघ्यापासून उठवून समोर बसवायचा हाच उपाय, कारण आवाज कुठून येतोय हे कान बरंचसं वरच्या स्वरांवरून ठरवतात.

खोक्यावरचा ‘मॅक्स’ वॅटचा आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत झेपणारे वॅट) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला किती डेसिबल आवाज निघतो) हे दोनच बघा. कंपनीच्या युनिटवरच चालवायचे असतील तर ९० डेसिबलच्या पुढचा स्पीकर निवडा. ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागणार, आणि आपल्याकडे आहेतच २०. यातही एक मखलाशी असते: काही जण सेन्सिटिव्हिटी १ वॅटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबल तगडा दिसतो. तुमच्या गाडीत कारखान्यातूनच वेगळा ॲम्प आलेला असेल तर मूळ स्पीकरचे ओहम आधी मोजून घ्या, काहींत ते २ असतात.

साडेसहा इंची म्हणून आणलेला स्पीकर कंपनीच्या खाचेत थेट बसेलच असं नाही. मध्ये रिंग लागते. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग दारातल्या ओलीने फुगते, म्हणून प्लास्टिकची घ्या. पक्कं करण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, मॅग्नेट काचेला लागत नाही ना. हे आधी बघायचं असतं, पण बऱ्याच ठिकाणी पॅड लावून झाल्यावर लक्षात येतं!

प्लस-मायनसची खात्री दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवा, पडदा बाहेर यायला हवा. एका बाजूची जोडणी उलटी झाली तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण बेस गायब होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय तेच समजत नाही. लोक मग स्पीकरलाच शिव्या घालतात.

इथे थांबा आणि काही आठवडे ऐका. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, निम्मी तक्रार इथेच मिटेल.

तरीही मोठ्या आवाजात जीव कमी वाटला तर ॲम्प. चार चॅनलचा घ्या: दोन चॅनल पुढच्या स्पीकरना, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, नंतर कधी सबवूफर घेतलात तर त्याला. मूळ युनिट तसंच ठेवून त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेता येतो, फक्त ॲम्पला हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या तारा थेट घेणारी जोडणी) असायला हवं. बरीच कंपनी युनिटं आपले स्वस्त स्पीकर वाचवायला व्हॉल्यूम वाढेल तसा बेस गुपचूप कमी करतात. तसं जाणवलं तर डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेला ॲम्प घ्या. त्याने स्वरांचं संतुलन बरंच सावरता येतं, आणि तुमच्या जवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडून दोन्ही बाजू कानाशी एकदम पोचवता येतात.

ॲम्पची पॉवर केबल थेट बॅटरीवरून येते. तिचा फ्यूज बॅटरीपासून फार तर दीड फुटावर हवा. तो ॲम्प वाचवण्यासाठी नसतो, केबलसाठी असतो. कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजविना तीच केबल पेट घेते. इंजिनकडून केबिनमध्ये येते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेने केबल कापू न देणारी रिंग) असलाच पाहिजे. केबल शुद्ध तांब्याची मागा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली केबल दिसायला तीच असते, पण तेवढ्याच जाडीत करंट कमी वाहून नेते. अर्थिंगसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि तार आखूड ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थिंगला वापरायचा नाही. पॉवरची तार एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या. ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘कुंईं’ असा चढत जाणारा आवाज स्पीकरमधून आला तर सगळ्यात आधी अर्थिंग बघा.

गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. युनिटच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचा तो स्क्रू आहे, आणि तो शेवटपर्यंत फिरवून गाडी हातात देणारे बरेच आहेत. तसं केलं की लहर वरून-खालून कापली जाते आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो. मल्टिमीटरने सेट करायचं तर स्पीकर सोडवून ठेवा, बेस-ट्रेबल शून्यावर ठेवा, ॲम्पचे फिल्टर तेवढ्यापुरते बंद करा, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर न्या. ॲम्पच्या एका चॅनलचे वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे एसी व्होल्ट ॲम्पच्या आउटपुटला दिसेपर्यंत गेन वाढवा. ६० वॅट आणि ४ ओहमला हे साडेपंधरा व्होल्ट येतात. मग दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय पास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर) लावा. खालचं ओझं उतरलं की तेच स्पीकर मोकळे वाजतात.

सबवूफरबद्दल थोडक्यात. डिकी हवी असेल तर सीटखालचा ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) सब घ्या, तो घर हादरवणार नाही पण तबल्याचा डग्गा आणि बेस गिटार नीट ऐकवेल. डिकी द्यायची तयारी असेल तर बंद पेटी घ्या. पोर्टवाली (हवेसाठी भोक असलेली) जास्त घुमते, मला ती गाडीत फार वेळ सहन होत नाही.

स्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि तीही गरज असेल तरच. साधं डबल डिन, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरच्या खाचेत बसणारं युनिट असेल तर बदलणं सोपं आहे. स्टीअरिंगची बटणं चालायला तुमच्याच मॉडेलचा इंटरफेस किंवा कॅन-बस (गाडीतल्या यंत्रणांना जोडणारं डेटाचं जाळं) ॲडॉप्टर लागतो. ‘चालतील’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, त्याच मॉडेलच्या गाडीत चालताना बघा. एसी, पार्किंग सेन्सर आणि गाडीची सेटिंग्ज त्याच स्क्रीनवर असतील तर मी तरी तिला हात लावणार नाही.

वॉरंटीचं सांगायचं तर मूळ वायरिंग कुठेही कापू देऊ नका. तार कापून टेप गुंडाळली की पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड तुमच्या माथी मारायला कंपनी मोकळी होते. कप्लरला कप्लर जोडणारे हार्नेस (तयार तारांचे जुडगे) मिळतात, तेच मागा. तरीही काम सुरू करण्याआधी वॉरंटीच्या पुस्तिकेतली इलेक्ट्रिकलची अट वाचा आणि सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून ठेवा. काढलेले स्पीकर आणि पॅनेल दुकानात सोडू नका, गाडी विकताना उपयोगी पडतात.

गाडी ताब्यात घेताना गाणं लावायच्या आधी चारही काचा खाली-वर करा, प्रत्येक दार आतून-बाहेरून लॉक करून बघा, इग्निशन देऊन एअरबॅगचा दिवा विझतोय का बघा. मग एकट्या माणसाचा बोलण्याचा आवाज लावा, बातम्या चालतील. तो डॅशच्या मधोमध ऐकू आला तर पैसे द्या.