माझ्या मित्राला स्किझोफ्रेनिया आहे, तो उत्तम बासरी वाजवतो. 'द सोलोइस्ट' हा सिनेमा मी त्याच्यासोबत पाहावा का?

आधी एकट्याने पाहा. मग त्याला कथा सांगा आणि बघायचा का ते त्यालाच विचारा. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं, म्हणून सांगतोय.

सिनेमा २००९ चा, दिग्दर्शक जो राइट. गोष्ट खरी आहे. स्टीव्ह लोपेझ हे लॉस एंजेलिस टाइम्समध्ये सदर लिहायचे. त्यांना रस्त्यावर नॅथनिएल एअर्स भेटले, बेथोवनच्या पुतळ्याजवळ, दोनच तारा उरलेलं व्हायोलिन वाजवत. शेजारी सामानाने भरलेली ढकलगाडी. हा माणूस एकेकाळी न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामांकित संगीत विद्यालयात शिकत होता, तिथेच आजार बळावला आणि शिक्षण सुटलं. लोपेझनी २००५ मध्ये त्यांच्यावर लिहायला सुरुवात केली, मग पुस्तक आलं, मग सिनेमा. जेमी फॉक्स एअर्स झालाय, रॉबर्ट डाउनी ज्युनियर लोपेझ. थोडी फिरवाफिरव आहे: खरे एअर्स ज्युलियार्डला डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य) शिकायला गेले होते, सिनेमात त्याहून लहान चेलो दिसतो. लोपेझही प्रत्यक्षात संसारी गृहस्थ, पडद्यावर घटस्फोटित.

तुमच्या मित्राला जड जाईल तो भाग ज्युलियार्डचा. तरुण नॅथनिएलला आवाज ऐकू येऊ लागतात आणि ते आपल्यालाही ऐकवले जातात, डाव्या-उजव्या बाजूंनी, एकावर एक. माझ्या मामेभावाला हाच आजार आहे, तो तबला वाजवतो. आम्ही हेडफोन वाटून घेऊन लॅपटॉपवर पाहत होतो. त्या प्रसंगाला त्याने कानातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि नुसतं चित्र बघत राहिला. मी बंद करू का विचारलं, तर म्हणाला, "राहू दे, पण आवाज नको." तेव्हा स्पीकर टाळा आणि रिमोट त्याच्याच हातात द्या.

आता तुमच्या स्वतःसाठी. लोपेझला वाटत असतं, याला एकदा औषधं सुरू झाली की सगळं मार्गी लागेल. बेघरांसाठीच्या लॅम्प या संस्थेत जाऊन तो तसा आग्रहही धरतो. तिथला कार्यकर्ता डेव्हिड सक्ती करायला साफ नकार देतो. लोपेझ तरी कागदपत्रं तयार करतो, आणि त्यांत स्वतःच्या नावापुढे आजाराचा शिक्का वाचून नॅथनिएल त्याच्या अंगावर धावून जातो. तोवर नॅथनिएल 'मिस्टर लोपेझ' म्हणत होता आणि लोपेझ सरळ 'नॅथनिएल'. हे नॅथनिएलच्या डोक्यात किती दिवस खदखदत होतं ते तेव्हा कळतं.

हा प्रसंग मला बघवला नाही. कारण आमच्या घरी तेच झालं होतं. डॉक्टरांना न विचारता, सगळ्यांनी मिळून ठरवून, मामेभावाच्या चहात गोळी विरघळवून द्यायला सुरुवात केली. आठवडाभर चाललं. एके दिवशी कपाच्या तळाशी पांढरा गाळ राहिला. त्याने कप माझ्यासमोर आणून ठेवला, एक शब्द बोलला नाही, आणि पुढे पाच महिने बोलला नाही. घरचा चहा तर त्याने कायमचाच सोडला. आज तो औषधं घेतो, आपल्या हाताने, डबीतून मोजून. औषधं नकोत असं मी म्हणत नाहीये, लागतातच. पण ती चोरून देणारा माणूस मग मित्र उरत नाही.

सिनेमा सगळा जमलाय असं नाही. ऑर्केस्ट्राच्या तालमीत एअर्स डोळे मिटतात आणि पडद्यावर नुसते रंग उसळू लागतात, तर मला जुन्या कॉम्प्युटरवर गाणी लावल्यावर दिसायची ती नक्षी आठवली. लोपेझच्या अंगणातल्या प्राण्यांचे विनोदही उगाच घुसडलेत. उलट बोगद्यात चेलो पहिल्यांदा हातात येतो तो भाग मी तीनदा पाहिला. वरून गाड्यांची घरघर, आणि हा माणूस आधी तारा लावतोय. भाऊ तिथे एकदम पुढे सरकून बसला. तबला सुरात येईपर्यंत तोही हातोडी घेऊन अर्धा तास गट्टे (तबल्याच्या वाद्यांतले लाकडी ठोकळे) ठोकत बसतो, आणि आम्ही मागून "झालं का रे?" म्हणत असतो.

अजून एक, शेवटी नॅथनिएल बरा होत नाही. तो रस्त्याऐवजी छपराखाली झोपायला लागतो, बहिणीशी पुन्हा जोडला जातो, मैफलीला जातो, एवढंच. चमत्काराची वाट बघत बसाल तर हिरमोड होईल. मराठीत याच आजारावरचा 'देवराई' (२००४) तुम्ही पाहिला असेल; तो घरच्यांभोवती फिरतो, हा रस्त्यावर घडतो.

सिनेमा संपल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, चूक झाली. मग म्हणाला, "ती ढकलगाडी त्याने आत नेली ना? बाहेर ठेवली असती तर नेली असती कुणीतरी."