'प्रचार स्थगित', 'उमेदवारी मागे' की 'माघार'?

प्रश्न असा: 6 मार्च 2024 रोजी निकी हेली अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडल्या. मराठीत कुणी 'प्रचार स्थगित केला' लिहिले, कुणी 'उमेदवारी मागे घेतली', कुणी 'माघार घेतली'. बरोबर काय? आणि 'कन्झर्व्हेटिव्ह'ला काय म्हणावे?

'माघार' बरोबर. उरलेल्या दोन्हींत वाचकाची दिशाभूल होते.

'उमेदवारी मागे घेणे' ही आपल्याकडे कागदावरची कृती आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 37: उमेदवाराच्या सहीची लेखी सूचना, ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. स्वतः द्यायची, नाहीतर लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. एकदा दिली की रद्द करता येत नाही, आणि नाव मतपत्रिकेवर येत नाही. बंडोबांचे थंडोबा होतात ते याच दुपारी. तीन वाजून गेल्यावर कुणाचे मन वळले तर नाव यंत्रावर राहते, म्हणून बातमीत 'पाठिंबा जाहीर केला' असे येते.

अमेरिकेच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडणाऱ्या मतदानात, सगळ्या देशाला लागू असा 'दुपारी तीन' नाही. दर राज्याची तारीख वेगळी, नियम वेगळे, मतपत्रिका आधीच छापून टपालाने गेलेल्या. हेली बाहेर पडल्यावर दोन महिन्यांनी, 7 मे रोजी, इंडियानात त्यांच्या नावापुढे 21 टक्क्यांहून जास्त मते पडली. उमेदवारी खरोखर मागे घेतली असती तर ही मते आली कुठून, असे वाचक विचारणारच.

आता 'प्रचार स्थगित'. 'स्थगित' हा शब्द तसा चपखल आहे. उपोषण 'मागे घेतले' आणि उपोषण 'स्थगित केले' यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. दुसऱ्यात तलवार म्यान असते, टाकलेली नसते. अमेरिकी उमेदवारही अधिकृत घोषणेत तेवढेच म्हणतात, कारण पुढची आवराआवर बाकी असते. निवडणूक समिती चालू राहते, देणी फेडायला देणग्या घेता येतात, आणि शेवटचा हिशेब तिथल्या निवडणूक आयोगाला देईपर्यंत ती बंद होत नाही. प्रायमरीत मिळालेल्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या, प्रतिनिधींचे काय, हे राज्याराज्यांतले पक्षनियम ठरवतात. हेलींनी आपले 97 प्रतिनिधी मोकळे केले ते थेट जुलैत, मिलवॉकीच्या अधिवेशनाच्या तोंडावर.

घोटाळा होतो तो 'प्रचार' या शब्दाने. आपल्याकडे प्रचार म्हणजे सभा, पदयात्रा, भोंगे. तो नेत्याच्या निधनामुळे एखादा दिवस स्थगित होतो, मतदान संपण्याच्या 48 तास आधी त्याच्या तोफा थंडावतात, पण उमेदवार रिंगणातच असतो. अमेरिकेत तो शब्द उमेदवारीच्या सगळ्या डोलाऱ्याला लावतात. तेव्हा 'स्थगित' हवेच असेल तर 'मोहीम स्थगित' लिहा आणि पुढच्याच वाक्यात 'म्हणजे शर्यतीतून बाहेर' असे सांगून टाका.

व्याकरणाचेही पाहा. 'मागे घेणे'ला कर्म लागते: उमेदवारी मागे घेतली. 'माघार घेणे'ला पंचमी: शर्यतीतून माघार घेतली. या दोहोंची भेसळ होऊन 'उमेदवारी माघार घेतली' असे छापून येते, ते चूक. 'अर्ज माघारी घेतला' मात्र चालते. तिथे 'माघारी' म्हणजे परत.

'कुणाच्या बाजूने माघार' लिहिण्याआधी तारीख तपासावी. त्याच शर्यतीतले रॉन डीसँटिस 21 जानेवारी 2024 रोजी बाजूला झाले, न्यू हॅम्पशायरचे मतदान दोन दिवसांवर असताना, आणि त्याच घोषणेत त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला. तिथे 'ट्रम्प यांना पाठिंबा देत माघार' नेमके बसते. हेलींनी 6 मार्चला तसा पाठिंबा दिला नव्हता. त्यांच्या बातमीत नुसती 'माघार'.

राहिला 'कन्झर्व्हेटिव्ह'. ब्रिटनच्या त्या पक्षाला मराठी वृत्तपत्रांनी 'हुजूर पक्ष' असे झकास नाव दिले, समोर 'मजूर पक्ष' असल्याने ते जुळलेही. पण ते पक्षाचे नाव आहे, विचारसरणीचे नव्हे. रिपब्लिकन उमेदवाराला 'हुजूर' म्हणता येणार नाही. 'सनातनी'ला धर्माचा वास येतो, 'पुराणमतवादी'त थोडी टीका डोकावते. बातमीत 'परंपरावादी' लिहावे. 'प्राथमिक निवडणूक' मात्र नको, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली वाटते. सरळ 'प्रायमरी' लिहा, आणि पहिल्या उल्लेखात 'पक्षांतर्गत उमेदवार निवडणारे मतदान' एवढे जोडा.