पक्षपाती, पक्षीय की पक्षनिहाय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘अमेरिकेत उच्च न्यायालयाच्या उमेदवारांवर सिनेटचे पक्षपाती मतदान’ असा मथळा वाचला. त्यातला ‘पक्षपाती’ खटकला. इंग्रजीत तिथे ‘पार्टिझन’ असणार. त्याला मराठीत काय म्हणावे, ‘पक्षीय’ की ‘पक्षनिहाय’?

खटकला ते योग्यच. सिनेट हे अमेरिकी संसदेचे वरचे सभागृह; राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशांच्या नावांना त्याची मान्यता लागते. त्या मतदानाला ‘पक्षीय’ म्हणायला हवे होते. पण त्या मथळ्यात आणखी एक चूक आहे, ती आधी बाजूला काढतो. अमेरिकी वृत्तपत्रे आपल्या सुप्रीम कोर्टाला सर्रास ‘हाय कोर्ट’ म्हणतात, म्हणजे सर्वांत वरचे कोर्ट. आपल्याकडे हायकोर्ट म्हटले की मुंबई, नागपूर, औरंगाबादचे खंडपीठ आठवते आणि त्याच्या वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय असते. म्हणून अमेरिकेच्या बातमीत ‘हाय कोर्ट’ दिसले की डोळे मिटून ‘उच्च न्यायालय’ लिहू नये, ‘सर्वोच्च न्यायालय’ लिहावे. कोर्टांच्या नावांवर तिकडे विसंबता येत नाहीच. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ या नावाचे न्यायालय खटले पहिल्यांदा चालवणारे आहे आणि त्या राज्याचे सर्वांत वरचे न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ आहे.

आता मूळ शब्द. ‘पक्ष’ म्हणजे पंख, बाजू. ‘पात’ म्हणजे पडणे. एका बाजूला कलणे, झुकते माप देणे म्हणजे पक्षपात. राजकीय पक्ष हा अर्थ ‘पक्ष’ या शब्दाला फार पुढे चिकटला. त्याआधीपासून आई धाकट्याचा पक्षपात करते, मास्तर पुढच्या बाकावरच्यांचा करतात, पंच यजमान संघाचा करतो. यातल्या कुणाचा कुठल्याही राजकीय पक्षाशी संबंध नसतो, आणि तरी प्रत्येक ठिकाणी शब्दात दोषारोप आहे. जिथे समान वागायचे होते तिथे माणूस समान वागला नाही, असा.

शब्द पारखायचा असेल तर त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधावा. ‘पक्षपाती’च्या उलट ‘निःपक्षपाती’. ‘पक्षीय’च्या उलट ‘पक्षातीत’, ‘पक्षविरहित’. सिनेटमधल्या शंभर जणांनी एखाद्या नावाला एकमताने होकार दिला तर त्या मतदानाला आपण ‘निःपक्षपाती’ म्हणत नाही, ‘एकमुखी’ किंवा ‘पक्षातीत’ म्हणतो. म्हणजे दोन शब्दांचे प्रांतच वेगळे आहेत. याचा पुरावा तर आपण दर शपथविधीला ऐकतो. मंत्री शपथ घेतो ती ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ वागण्याची. हा माणूस पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला, पक्षाच्या यादीतून मंत्री झालेला. त्याने पक्ष सोडावा असे शपथ म्हणत नाही, पक्षपात करू नये एवढेच म्हणते. पक्षीय असूनही पक्षपाती नसणे शक्य आहे, हे राज्यघटनेने गृहीतच धरले आहे.

सिनेटचे मतदान यातल्या कोणत्या खान्यात बसते ते पाहायचे तर मतांची बेरीज सांगून भागत नाही, ती कुणाची होती ते सांगावे लागते. माझ्या मते या चर्चेतले सगळ्यांत बोलके उदाहरण 52 विरुद्ध 48 या आकड्याचे आहे. क्लॅरन्स थॉमस यांच्या नावाला ऑक्टोबर 1991 मध्ये सिनेटने 52 विरुद्ध 48 मतांनी मान्यता दिली. एमी कोनी बॅरेट यांच्या नावालाही ऑक्टोबर 2020 मध्ये 52 विरुद्ध 48. दोघांची नावे सुचवणारे राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, जॉर्ज बुश थोरले आणि डोनाल्ड ट्रम्प. नुसता आकडा छापला तर वाचकाला वाटेल, तीस वर्षांत काही बदललेच नाही. पण 1991 मध्ये सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅट्सचे होते. थॉमस यांना 41 रिपब्लिकनांची मते मिळाली आणि 11 डेमोक्रॅट्सची. दोन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिले. बॅरेट यांच्या वेळी सगळेच्या सगळे डेमोक्रॅट विरोधात होते आणि रिपब्लिकनांपैकी एकट्या सुसान कॉलिन्स त्यांच्याबरोबर होत्या. पहिले मतदान अटीतटीचे होते. दुसरे अटीतटीचे होते आणि शिवाय पक्षीय होते. इथे ‘पक्षपाती’ लिहिले असते तर हा फरक सांगायला शब्दच उरला नसता.

त्याही आधीच्या मतदानांत तर पक्षाची रेघ भलत्याच ठिकाणी दिसते. थर्गुड मार्शल हे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांचे नाव सुचवले आणि 1967 मध्ये 69 विरुद्ध 11 मतांनी ते मंजूर झाले. विरोधातल्या 11 पैकी 10 जण जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते, दक्षिणेतले. फाळणी झाली होती ती प्रांतावरून आणि वर्णावरून. 1969 मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सुचवलेले क्लेमेंट हेन्सवर्थ 45 विरुद्ध 55 मतांनी पडले, आणि त्यांना पाडणाऱ्यांत निक्सन यांच्या पक्षाचे 17 जण होते. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुचवलेले रॉबर्ट बोर्क 1987 मध्ये 42 विरुद्ध 58 ने पडले, तेव्हाही सहा रिपब्लिकन विरोधात आणि दोन डेमोक्रॅट बाजूने होते. बोर्क यांच्यावरून झालेले रणकंदन इतके गाजले की त्यांच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. एखाद्याची सार्वजनिक मोहीम काढून नेमणूक हाणून पाडणे असा त्याचा अर्थ. तरी आकड्यांत ते मतदान आजच्याइतके पक्षीय नव्हते. आणि बोर्क यांच्या एकच वर्ष आधी, तितक्याच पुराणमतवादी अँटोनिन स्कालिया यांना सिनेटने 98 विरुद्ध शून्य असा कौल दिला होता.

मग कधीपासून ‘पक्षीय’ म्हणावे? माझ्या वाचनात वळण 2005 नंतरचे. त्या वर्षी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या जॉन रॉबर्ट्स यांना 78 मते पडली, डेमोक्रॅट बरोबर निम्मेनिम्मे, 22 बाजूने आणि 22 विरोधात. पुढच्याच वर्षी सॅम्युअल अलिटो 58 विरुद्ध 42. मग डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांचे उमेदवार: 2009 मध्ये सोनिया सोटोमायोर यांना नऊ रिपब्लिकनांनी मत दिले, 2010 मध्ये एलेना केगन यांना पाच जणांनी, 2022 मध्ये केतनजी ब्राउन जॅक्सन यांना तिघांनी. मधल्या काळात नियमही बदलला. चर्चा थांबवून मतदान घ्यायला 60 मते लागत, त्यामुळे समोरच्या पक्षातली काही माणसे वळवावीच लागत. डेमोक्रॅट्सनी नोव्हेंबर 2013 मध्ये खालच्या न्यायालयांच्या नेमणुकांसाठी ही अट काढली आणि रिपब्लिकनांनी एप्रिल 2017 मध्ये, नील गोर्सच यांच्या वेळी, सर्वोच्च न्यायालयासाठीही काढली. आता साधे बहुमत पुरते. समोरच्यांची गरजच संपली की मतदान पक्षीय होणार, हे उघड आहे.

एक विचारायला हवे: ‘पक्षपाती’ कधीच लिहू नये का? जरूर लिहावे, पण जबाबदारी घेऊन. स्कालिया 13 फेब्रुवारी 2016 ला वारले. ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. निवडणुकीचे वर्ष आहे, जनतेचा कौल येऊ दे, असे म्हणत रिपब्लिकन बहुमताने ना सुनावणी घेतली ना मतदान; 293 दिवसांनी ते नामनिर्देशन आपोआप संपले. चार वर्षांनी रूथ बेडर गिन्सबर्ग 18 सप्टेंबर 2020 ला वारल्या आणि त्याच बहुमताने बॅरेट यांची नेमणूक 26 ऑक्टोबरला उरकली. अध्यक्षीय निवडणूक 3 नोव्हेंबरला होती. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, याला मराठीत पक्षपातच म्हणतात आणि मीही म्हणेन. रिपब्लिकनांचा प्रतिवाद असा होता की 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट वेगवेगळ्या पक्षांचे होते, 2020 मध्ये एकाच पक्षाचे. मला तो पटत नाही. पण माझे हे मत आहे, ते लेखात माझ्या नावाखाली यावे. बातमीच्या मथळ्यात, कुणीच बोलत नसल्यासारखे, येऊ नये.

‘पक्षनिहाय’बद्दल थोडक्यात. जिल्हानिहाय पाऊस, वयोगटनिहाय मतदार, तसे पक्षनिहाय मते. ‘-निहाय’ हा वर्गवारीचा प्रत्यय आहे. स्कालिया यांच्या 98 मतांचीही पक्षनिहाय वर्गवारी करता येते; ते मतदान मात्र पक्षीय नव्हते. तक्त्यावर ‘पक्षनिहाय’ लिहा, वाक्यात ‘पक्षीय’. ‘पक्षाच्या रेषांवर मतदान’ हे तर मराठीच नाही. ‘बहुतेकांनी आपापल्या पक्षाबरोबर मत दिले’ असे साधे लिहिले की कुणालाही कळते.

याच घराण्यातला ‘द्विपक्षीय’ हा शब्दही जपून वापरावा. ‘बायपार्टिझन’ला कोशात पाहून ‘द्विपक्षीय पाठिंबा’ लिहितात, पण मराठी वाचकाला ‘द्विपक्षीय’ म्हटले की भारत-जपान द्विपक्षीय चर्चा आठवते, दोन देशांमधली. ‘दोन्ही पक्षांचा पाठिंबा’ म्हणावे.

आणि ‘मते फुटली’? विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर आपल्याकडे हमखास ऐकू येणारा प्रयोग. मतदान गुप्त, कोणी दगा दिला कळत नाही, आकडा तेवढा कमी भरतो, म्हणून ‘फुटली’. सिनेटमध्ये एकेकाचे नाव पुकारतात आणि तो सर्वांदेखत हो किंवा नाही म्हणतो. शिवाय आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. म्हणूनच शिवसेनेच्या फुटीत खरा प्रतोद कोणाचा हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सिनेटमध्येही व्हिप नावाचे पद आहे, पण त्याचे शब्द मोडल्याने जागा जात नाही. तेव्हा कॉलिन्स ‘फुटल्या’ नाहीत आणि त्यांनी ‘पक्षादेश झुगारला’ही नाही. त्यांनी पक्षाविरुद्ध मत दिले.

शेवटचा शब्द ‘तटस्थ’. प्रश्नात तो नाही, पण या बातम्यांत हटकून येतो. ट्रम्प यांनी सुचवलेल्या ब्रेट कॅव्हनॉ यांच्यावरचे मतदान 6 ऑक्टोबर 2018 ला झाले. लिसा मर्कोव्स्की या रिपब्लिकन, त्यांचा विरोध जाहीर होता. त्यांच्याच पक्षाचे स्टीव्ह डेन्स कॅव्हनॉ यांच्या बाजूचे, पण त्या दिवशी माँटानात त्यांच्या मुलीचे लग्न होते. नाव पुकारल्यावर मर्कोव्स्की ‘नाही’ऐवजी नुसते ‘हजर’ म्हणाल्या, म्हणजे डेन्स यांची गैरहजेरी आणि मर्कोव्स्की यांचे न दिलेले मत एकमेकांना कापून जाईल. सिनेटची ही जुनी रीत आहे. दोघांनी मत दिले असते तर 51 विरुद्ध 49 झाले असते, झाले 50 विरुद्ध 48. फरक दोनाचा तो दोनाचाच राहिला. अशा बाईंना ‘तटस्थ’ म्हणणे म्हणजे त्यांनी उघड सांगितलेली भूमिका पुसणे.

आपली संसद न्यायाधीश नेमण्यासाठी मतदान करत नाही, काढण्यासाठी मात्र करू शकते. त्यातले सर्वांत गाजलेले मतदान मे 1993 मध्ये लोकसभेत न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर झाले. काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांच्या 205 सदस्यांनी मतच दिले नाही. प्रस्ताव मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि त्याशिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. बाजूने 196, विरोधात एकही नाही, आणि तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण संख्येचे बहुमत जमले नाही. ‘काँग्रेस तटस्थ राहिली’ हे वाक्य त्यावर अजून लिहिले जाते. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. इथे तर काठावरच्यांनीच निकाल लावला. ‘काँग्रेस आणि मित्रपक्षांच्या सदस्यांनी मतदान केले नाही, त्यामुळे प्रस्ताव फेटाळला गेला’ असे लिहावे आणि 196, शून्य, 205 हे तिन्ही आकडे शेजारी द्यावेत.