चेंडू बाहेर होता, तरी भारत-कतार सामना पुन्हा का खेळवला नाही?

प्रश्न असा आहे: ११ जून २०२४ ला दोह्यात भारत-कतार सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेलेला सगळ्यांनी पाहिला. मग गोल रद्द करून सामना पुन्हा का खेळवला नाही? आमच्या मित्रांत यावरून अजून भांडणं होतात.

आमच्यातही होतात. मी नाशिकला सिडकोत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या, स्थानिक मंडळांच्या स्पर्धांत कधी रेफ्री, कधी लाइनमन म्हणून उभा राहतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या रात्री आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलो होतो. सुनील छेत्रीला निवृत्त होऊन पाचच दिवस झाले होते. ३७ व्या मिनिटाला आपल्या छांगटेने गोल केला तेव्हा आमचा आरडाओरडा ऐकून काकू धावत वर आल्या. कतारने बरीच तरुण पोरं उतरवली होती हे खरं, पण आशियाई विजेत्यांच्या घरी आपण १-० ने पुढे होतो. तसंच राहिलं असतं तर वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच गेला असता.

मग ७३ वं मिनिट. कतारची फ्री किक, युसुफ आयमनचा हेडर, आपला गोलकीपर गुरप्रीतने तो अडवला. चेंडू पोस्टच्या बाजूने घरंगळत गोललाइनच्या बाहेर गेला. आपली पोरं थांबली. कतारच्या दुसऱ्या खेळाडूने पायाने चेंडू आत ओढला आणि आयमनने जाळ्यात मारला. झेंडी वर गेली नाही, शिट्टी वाजली ती गोलची. ८५ व्या मिनिटाला कतारने आणखी एक केला आणि २-१ वर सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या टेबलावर तीन तट पडले. एक म्हणाला, रेफ्री विकला गेला. दुसरा म्हणाला, आपल्या संघाने तिथल्या तिथे मैदान सोडायला हवं होतं. तिसऱ्याचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: फिफाने सामना पुन्हा घ्यावा.

मैदान सोडण्याचं आधी सांगतो, कारण ते आपल्याकडे होऊन गेलंय. ३ मार्च २०२३ ला आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) बाद फेरीत बेंगळुरूकडून खेळणाऱ्या छेत्रीने बचावपटूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला आणि समोरचा केरला ब्लास्टर्सचा संघ रागाने बाहेर निघून गेला. गोल कायम राहिला, सामना पुन्हा घ्यायची मागणी फेटाळली गेली, आणि वर क्लबला ४ कोटींचा दंड, कोचवर १० सामन्यांची बंदी. दोह्यात आपण बाहेर पडलो असतो तर हातात तेवढंच आलं असतं.

आता तुमचा मूळ मुद्दा. फुटबॉलच्या नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की मैदानावर घडलेल्या गोष्टींबाबत रेफ्रीचा निर्णय अंतिम. गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, हे दोन्ही त्यातच येतं. चूक लक्षात आली तर रेफ्री निर्णय बदलू शकतो, पण खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत. गोलनंतर सेंटरवरून किक ऑफ झाली की ती खिडकी बंद. आपले खेळाडू रेफ्रीभोवती जमले तेव्हा ती उघडीच होती. पण त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. रेफ्रीला आणि लाइनमनला जे पहिल्यांदा दिसलं नव्हतं, ते अकरा जणांनी सांगितल्याने दिसणार नव्हतं.

सामने पुन्हा झालेच नाहीत असं मात्र नाही, आणि आमच्या तिसऱ्या मित्राचा सगळा जोर याच्यावरच होता. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंदला उझबेकिस्तान-बहारीन सामना होता, तोही वर्ल्ड कप पात्रतेचाच. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण किक बसायच्या आधी त्यांचाच एक खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायची असते. जपानी रेफ्रीने उलट बहारीनला फ्री किक दिली. फिफाने निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवला. दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिका-सेनेगल. नोव्हेंबर २०१६ मध्ये सेनेगलच्या खेळाडूच्या गुडघ्याला लागलेला चेंडू हाताला लागला असं ठरवून पेनल्टी दिली गेली. चौकशीत निकालात हेराफेरी केल्याचं ठरलं, घानाच्या त्या रेफ्रीवर आजन्म बंदी आली आणि वर्षभराने सामना पुन्हा झाला. तो सेनेगलने २-० जिंकला आणि वर्ल्ड कपचं तिकीट काढलं.

पहिल्यात रेफ्रीला सगळं दिसलं होतं, पण त्याने नियम चुकीचा लावला. दुसऱ्यात लबाडी सिद्ध झाली. दोह्यात यातलं काहीच नव्हतं, तिथे नजर चुकली. भारतीय महासंघाने फिफाकडे आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली, ती करायलाच हवी होती. पण नजरेच्या चुकीसाठी सामना पुन्हा खेळवण्याची सोय नियमात नाही. आणि 'विकला गेला' हे पुराव्याशिवाय मी तरी कुणाबद्दल बोलणार नाही.

नजर चुकते कशी, हे त्या सकाळी टेबलावरच दाखवायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्राची घडी म्हणजे गोललाइन, तिच्या कडेशी एक अख्खं लिंबू ठेवलं. समोर बसलेला म्हणाला, बाहेर आहे. मी त्याला उठून वरून बघायला लावलं. लिंबाचा फुगीर भाग कडेच्या वर अजून आत होता. नियमाला अख्खा चेंडू रेषेच्या पलीकडे लागतो, जमिनीवर असो की हवेत. चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २२. तेवढाच्या तेवढा पलीकडे गेल्याशिवाय तो आतच. २०२२ च्या वर्ल्ड कपला स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने ओढलेला चेंडू टीव्हीवर बाहेर दिसत होता; व्हीएआरने तपासला तेव्हा काही मिलिमीटर रेषेवर निघाला आणि गोल टिकला. दोह्यातला चेंडू मात्र तसा काठावरचा नव्हता. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये गवत दिसत होतं. म्हणून राग रास्त आहे, माझाही अजून गेलेला नाही.

लाइनमनला शिकवतात की खात्री असेल तरच झेंडी वर करायची. शंका असेल तर खेळ चालू. मध्ये पोस्ट आला, खेळाडूंचे पाय आले, गोलकीपर आडवा पडला की खात्री होत नाही. मग झेंडी खालीच राहते आणि पुढे जे होईल ते वैध ठरतं. हे मी स्वतः केलंय. जुलै महिना, आदल्या रात्री धो धो पाऊस, मैदानावरची फक्की अर्धी वाहून गेलेली. शाळांचा सामना, मी लाइनवर. एका मुलाने चेंडू गोललाइनच्या अगदी कडेने ओढला, मध्ये दोन बचावपटू, मला फक्त पाय आणि चिखल दिसला. झेंडी उचलली नाही. क्रॉस आला, गोल झाला. गोलकीपर तेरा-चौदा वर्षांचा असेल. तो माझ्यापर्यंत चालत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, बाहेर होता." मला दिसला नव्हता, मी तसंच सांगितलं. सामना संपल्यावर त्या जागी गेलो. ओल्या मातीत चेंडू घासल्याची लांब खूण होती, उरलेल्या फक्कीपासून चांगली वीतभर लांब. मी त्यांच्या सरांना बोलावून ती खूण दाखवली, माफी मागितली. निकाल तोच राहिला.

आपली पोरं शिट्टीआधी थांबली हीच चूक, असं बरेच जण म्हणतात. कोच म्हणून मीही मुलांना तेच ओरडून सांगेन. पण डोळ्यांसमोर चेंडू बाहेर गेल्यावर शरीर थांबतंच, त्यात दोष काढायला माझं मन धजत नाही. माझा राग व्यवस्थेवर आहे. एवढं पणाला लागलेलं असताना त्या फेरीत व्हीएआर ठेवलं नाही, आणि पुढच्याच फेरीत ते आलं.

काय गेलं तेही सांगतो. तिसऱ्या फेरीतल्या संघांना २०२७ च्या आशियाई कपचं थेट तिकीट होतं. आपल्याला वेगळी पात्रता खेळावी लागली. तिथे हाँगकाँगकडून हरलो, ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून २-१ ने हरलो आणि बाहेर पडलो. अर्थात मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी बरोबरी आणि मग गुवाहाटीत त्यांच्याकडूनच हार, हे आपणच ओढवून घेतलं होतं. ते सामने नीट खेळलो असतो तर दोह्यातल्या एका झेंडीवर सगळं येऊन ठेपलं नसतं.

मित्रांशी बोलताना एक गोष्ट मात्र नीट सांगा, कारण निम्मे लोक म्हणतात आपली गोलकिक होती, म्हणजे चेंडू आपल्याला मिळायला हवा होता. चेंडू गुरप्रीतला लागून बाहेर गेला होता, म्हणजे बरोबर निर्णय कतारला कॉर्नर हा होता. ७३ वं मिनिट, स्कोअर १-०, कॉर्नर आपल्याला अडवायचा होता. तो आपण अडवला असता की नाही, कोण सांगणार? अडवायला मिळाला नाही, माझं दुःख तेवढंच आहे.