सकाळी डेटाबेस का रेंगाळतो?

प्रश्न : आमच्या मायएसक्यूएलवर रात्री एक मोठा रिपोर्ट चालतो. सकाळी ग्राहकाची साधी माहिती उघडायलाही वेळ लागतो, थोड्या वेळाने सगळं सुरळीत होतं. ग्राहकांचं टेबल मेमरीत कायमचं बांधून ठेवता येईल का?

उत्तर : मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणाऱ्या इनोडीबी इंजिनात तशी सोय नाही, आणि नाही तेच बरं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ‘पिनटेबल’ नावाची अशी कमांड होती. मोठं टेबल बांधलं की बाकीच्यांना जागाच उरत नसे. २००५ च्या आवृत्तीपासून ती निकामी केली.

आधी बघा, रात्री सर्व्हर रीस्टार्ट होतो का? होत असेल तर रिपोर्ट बिचारा निर्दोष असू शकतो, कारण रीस्टार्टने मेमरी रिकामी होते. ५.७ पासून मायएसक्यूएल बंद होताना बफर पूलमधल्या (मेमरीतल्या डेटाच्या साठ्यातल्या) अलीकडे वापरलेल्या पेजेसची, म्हणजे डेटाच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांची, यादी लिहून ठेवतं आणि सुरू होताना ती परत भरतं, पण मुळात फक्त २५ टक्के पेजेसची. हे प्रमाण ठरवणारी ‘डंप पर्सेंट’ ही सेटिंग वाढवा.

रीस्टार्ट नसेल तर मात्र रिपोर्टवरचा तुमचा संशय खरा. डिस्कवरून आलेलं १६ केबीचं पेज इनोडीबी एलआरयू यादीच्या (नुकतं वापरलेलं वर, बराच वेळ न वापरलेलं तळाशी आणि तेच आधी बाहेर) डोक्यावर चढवत नाही. शेवटच्या ३७ टक्क्यांच्या ‘ओल्ड’ भागाच्या तोंडाशी ठेवतं. पहिल्या वापरानंतर १ सेकंद उलटल्यावर कुणी पुन्हा हात लावला, तरच ते ‘यंग’ भागात जातं. टेबल ओळीने वाचत जाणाऱ्या सरळ स्कॅनमध्ये एका पेजवरच्या सगळ्या ओळी त्या सेकंदाच्या आत वाचून होतात, म्हणून त्याचा त्रास नसतो. त्रास जॉइनवाल्या, म्हणजे अनेक टेबलं जोडणाऱ्या, रिपोर्टचा. तो त्याच पेजवर पाच-दहा सेकंदांनी परत येतो, त्याला ‘यंग’मध्ये बढती मिळवून देतो आणि तुमच्या ग्राहकांची पेजेस मागे ढकलतो.

माझ्यासमोर असा सर्व्हर आला की मी रिपोर्ट चालू असताना ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’ ही कमांड चालवतो आणि ‘पेजेस मेड यंग’चा आकडा बघतो. हिट रेटकडे (मेमरीतच सापडलेल्या पेजेसच्या प्रमाणाकडे) नंतर. तो बऱ्याचदा उगाच छान दिसतो. आकडा भराभर चढत असेल तर रिपोर्टच्या जॉबमध्येच सुरुवातीला ‘ओल्ड ब्लॉक्स टाइम’ (वरची १ सेकंदाची मुदत ठरवणारी सेटिंग) ६०००० मिलिसेकंद करा आणि शेवटी परत १०००. रीस्टार्ट लागत नाही. सेटिंग ग्लोबल, म्हणजे सगळ्या सर्व्हरला लागू आहे, त्यामुळे रिपोर्ट मध्येच कोसळला तरी ती मूळपदावर येईल अशी तजवीज हवी.

आणि हो, बफर पूल अजून मूळच्या १२८ एमबीवरच असेल तर आधी तो वाढवा. बाकी खटाटोप त्यानंतर.