९६ जुळल्या, पण उरलेल्या चार कोणत्या?

तुम्ही विचारलंय, मलेरियाच्या १०० स्लाइड वरिष्ठांनी पुन्हा वाचल्या, त्यातल्या ९६ चे निकाल जुळले, तर लॅबची अचूकता ९६ टक्के लिहायची का? माझ्या मते लिहू नका.

तुम्हीच दिलेले आकडे बघा. वरिष्ठांना ६ पॉझिटिव्ह सापडल्या, तुम्हाला त्यांपैकी २. म्हणजे न जुळलेल्या चारही स्लाइड सुटलेल्या पेशंटच्या आहेत. पॉझिटिव्ह पकडण्याचं प्रमाण झालं ३३ टक्के. स्लाइडला हात न लावता सगळीकडे निगेटिव्ह लिहिलं असतं, तरी ९४ जुळल्या असत्या! नुसत्या योगायोगाने जुळणारा हिस्सा वगळून कप्पा गुणांक काढला (पूर्ण जुळलं तर तो १ असतो), तर ०.४८ येतो. अहवालात पॉझिटिव्ह किती पकडल्या, निगेटिव्ह किती बरोबर सांगितल्या आणि परजीवीची जात (व्हायवॅक्स की फाल्सिपेरम) किती वेळा बरोबर ओळखली, हे तीन आकडे वेगवेगळे द्या.

आता त्या चार स्लाइड का सुटल्या ते शोधा. मी वर्षानुवर्षं स्लाइड वाचतोय आणि पावसाळ्यात ढीग साचला की हात कसा घाई करतो हे मला पक्कं माहीत आहे. ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली) थिक स्मिअरची, म्हणजे रक्ताच्या जाड थराची, १०० फील्ड (फील्ड म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. एकदा माझ्या हातून एक स्लाइड तिसाव्या फील्डच्या आसपास सोडली गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, तर सत्तराव्या फील्डच्या पुढे परजीवीची एक बारीक रिंग दिसली, लाल ठिपका आणि निळी कड. त्या दिवसापासून मी हातात काउंटर ठेवतो.

स्मिअरही बघा. थर फार जाड असेल तर धुताना सुटून येतो आणि परजीवीही त्याबरोबर जातात. ओल्या थराखालची वर्तमानपत्रातली अक्षरं जेमतेम वाचता यावीत, इतकाच जाड हवा. उलट चूकही होते. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट नवख्या डोळ्यांना परजीवीच वाटते. फोकस थोडा वरखाली केला की ती पेशीच्या वर बसलेली कळते.

फेरतपासणी करणाऱ्याला पहिला निकाल दिसता कामा नये. तुमचे वरिष्ठ रजिस्टर समोर ठेवून वाचत असतील, तर ९६ हा आकडाही खरा धरता येत नाही. वाद उरलेली स्लाइड तिसऱ्याने वाचावी. परजीवीची जात ओळखण्यातली चूक किरकोळ समजू नका. व्हायवॅक्समध्ये यकृतात लपलेल्या परजीवींसाठी १४ दिवस प्रायमाक्विन लागतं, फाल्सिपेरममध्ये औषधंच वेगळी आणि उशीर जिवावर बेततो.

पण हे सगळं उद्या. त्या चार जणांची नावं रजिस्टरमध्ये असतील. आधी डॉक्टरांना सांगा आणि आजच त्यांच्या गावच्या आशाताईंना फोन लावा.